भाकरीला फाशी देण्याआधी

हल्ली आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये रोज दुपारी एक खटला चालतो. आरोपी कधी भाकरी असते, कधी पोळी, कधी भात. आरोप मात्र एकच : "यात कार्ब्ज आहेत!" डबा उघडून बसलेल्या माणसाला असं काही अपराधी वाटायला लावतात की बिचारा दोन पोळ्या तशाच परत ठेवतो आणि चार वाजता पँट्रीत जाऊन क्रीमची बिस्किटं खातो. बिस्किटांवर मात्र खटला नाही. ती बहुतेक जामिनावर असतात :)

मंडळी, मी मूळचा हिंगोली जिल्ह्यातला. हिंगोली कुठे आहे हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला जिल्हा. औंढा नागनाथ आमचं, संत नामदेवांचं नर्सी आमचं, वसमतची हळद आमची आणि गुरुत्वीय लहरी पकडणारी लायगो वेधशाळा होणार आहे तीही आमच्याकडेच. तेव्हा भाकरीच्या बाबतीत मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण आरोपीचा नातेवाईक असला म्हणून त्याच्याकडचा पुरावा खोटा ठरत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं. शरीरात 'मेटाबॉलिझम' नावाचं एक बटण आहे, अमुक खाल्लं की ते दाबलं जातं, तमुक वेळी खाल्लं की ते बिघडतं, अशी जी समजूत आपल्या सगळ्यांच्या डोक्यात भरवली गेलीय ती भंपक आहे. शरीर भाकरीचं काय करतं हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं. एक, किती आणि कशासोबत खाल्लं. दोन, स्नायूंना काम आहे की नाही. आणि तीन, हे शरीर कुणाच्या पोटात, कसल्या दिवसांत घडलं. पहिलीवर आपण रात्रंदिवस बोलतो. दुसरीवर दर जानेवारीत बोलतो. तिसरीवर कोणीच बोलत नाही. आणि हिंगोलीसारख्या जिल्ह्यांतून पुण्या-मुंबईत आलेल्या माझ्या पिढीच्या जिवावर बेतणारी आहे ती ही तिसरीच.

*

आधी आरोपीची बाजू ऐकून घेऊ. कोर्टातसुद्धा तेवढा न्याय मिळतो.

भाकरीचा घास तोंडात गेला की लाळेतलं अमायलेज नावाचं एन्झाइम त्यातल्या स्टार्चवर काम सुरू करतं. घास बराच वेळ चावला की किंचित गोड लागतो तो त्यामुळे. पुढे जठर. तिथे आम्लात सगळं घुसळलं जातं, प्रथिनं मोडायला लागतात. जठर हा सगळा माल एकदम खाली सोडत नाही. थोडा थोडा सोडतं, आणि त्यात सहज दोन ते चार तास जातात. सोबत तेल, डाळ, पालेभाजी असली की आणखी सावकाश. म्हणून नुसती भाकरी आणि वरणात चुरलेली भाकरी, दोन्हींमुळे रक्तातली साखर सारखी चढत नाही. आमच्याकडे भाकरीसोबत पिठलं किंवा वरण, वर जवसाची चटणी आणि तेल घ्यायची पद्धत आहे. ती पद्धत कुणा न्यूट्रिशनिस्टला विचारून पडलेली नाही, पण चुकलेलीही नाही.

मग साधारण सहा मीटर लांबीचं लहान आतडं. स्वादुपिंडाचा रस आणि पित्त इथे येऊन मिळतात. स्टार्चचं ग्लुकोज होतं, प्रथिनांची अमिनो आम्लं, तेला-तुपाची मेदाम्लं. ग्लुकोज आणि अमिनो आम्लं आतड्याच्या भिंतीतून रक्तात जातात आणि पहिली थांबतात ती यकृतात. ज्वारीतला चोथा पचत नाही. तो मोठ्या आतड्यात राहणाऱ्या जिवाणूंचा डबा.

आता एक आकडा नीट वाचा. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं आणि एवढ्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज असतं जेमतेम चार-पाच ग्रॅम. चहाचा एक चमचा! आणि १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात, म्हणजे शहरी मापाच्या दोन भाकऱ्यांत, कर्बोदकं असतात साधारण ६८ ग्रॅम. म्हणजे दोन भाकऱ्या खाल्ल्या की रक्तात एरवी असतं त्याच्या तेरा-चौदा पट ग्लुकोज काही तासांत कुठेतरी लावून टाकायचं असतं. मेटाबॉलिझमचा सगळा खेळ या 'लावून टाकण्याचा' आहे.

लावायला जागा कोणत्या? आमच्याकडच्या भाषेत सांगतो. रक्तातलं ग्लुकोज म्हणजे दुरडीतली भाकरी, आत्ता खायची. यकृत आणि स्नायूंमधलं ग्लायकोजेन म्हणजे घरातली कणगी. यकृतात साधारण १०० ग्रॅम मावतं, स्नायूंमध्ये ३०० ते ४०० ग्रॅम. आणि चरबी म्हणजे पेव. जुन्या गावांत जमिनीत खोल खड्डा करून त्यात ज्वारी साठवायचे, तेच. कणगी लहान असते, फार तर दीड-दोन हजार कॅलरींची. पेवाला तळ नाही. पंधरा किलो चरबी अंगावर असलेल्या माणसाकडे लाखभर कॅलरींचा साठा असतो.

जेवण झालं की इन्सुलिन सुटतं. कणगीत जागा असेल तर ग्लुकोज तिथे जातं. जागा नसेल तर शरीर आलेलं ग्लुकोजच आधी जाळत बसतं आणि ताटातलं तेल-तूप सरळ पेवात उतरतं. तरीही ग्लुकोज उरलंच तर यकृत त्याचीच चरबी करायला घेतं. जेवून बरेच तास झाले की उलट दिशेचा प्रवास : यकृताची कणगी उघडते, मग पेव उघडतं.

म्हणजे भाकरीने गुन्हा केला की नाही हे भाकरीवर ठरत नाही हो. कणगीत जागा होती का, यावर ठरतं.

*

आणि सगळ्यात मोठी कणगी आहे स्नायूंमध्ये. तिची दारं बंद असतात. स्नायूच्या पेशीत ग्लुकोज घेणारी ग्लुट-४ नावाची प्रथिनं एरवी आत लपून बसलेली असतात. इन्सुलिनने हाक मारली की ती पृष्ठभागावर येतात आणि ग्लुकोज आत घेतात. पण दार उघडायची दुसरीही एक किल्ली आहे. स्नायू आकुंचन पावला की हीच दारं इन्सुलिनच्या हाकेशिवायही उघडतात. हे कुणा बाबा-महाराजाचं नाही, शरीरशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात सापडेल.

आता हिंगोलीचं दृश्य घ्या. हळद काढणीचे दिवस. सकाळी घरचं आवरून निघालेली बाई शेतात भाकरी खाते आणि पुन्हा कामाला वाकते. कंद वेचणं, माती झाडणं, टोपली उचलणं, शिजवलेली हळद उन्हात पसरणं. मांड्या, पाठ, दंड सगळीकडची दारं सताड उघडी आणि कणगी रिकामी. भाकरी आली कधी आणि गेली कधी, पत्ता लागत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यात बसून काम करणाऱ्या स्त्रीला दिवसाला १६६० कॅलरी लागतात आणि जड कष्ट करणाऱ्या स्त्रीला २७२०. पुरुषांचे आकडे २११० आणि ३४७०. म्हणजे शेतात राबणारा आणि स्प्रिंटच्या स्टँडअपला खुर्चीतूनच हजेरी लावणारा, यांच्यात रोज तेराशे-साडेतेराशे कॅलरींचा फरक. आपली दारं नऊ ते सात बंद असतात. कणगी कालचीच भरलेली. वर दुपारी दोन भाकऱ्या येतात. मग साखर चढली की आपण म्हणतो, भाकरीने घात केला!

लगेच "बघा, गावाकडची माणसं कशी ठणठणीत" असं सुरू करू नका. तिच्यावर मी परत येणार आहे आणि तेव्हा ते इतकं गोड वाटणार नाही.

*

आता कँटीनमधले दुसरे दोन साक्षीदार तपासू.

साक्षीदार पहिला : "अरे, माझा मेटाबॉलिझमच स्लो झालाय. तिशी ओलांडली ना." २०२१ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. २९ देशांतली ६४०० हून अधिक माणसं, आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या म्हाताऱ्यापर्यंत. शरीराचा आकार हिशोबात धरला तर विशी ते साठी दिवसभराचा ऊर्जाखर्च जवळजवळ सपाट निघाला. तिशीत तो घसरत नाही. थायरॉइडसारखं खरं दुखणं असेल त्यांची गोष्ट वेगळी. बाकीच्यांचं तिशीत काय घसरतं? क्रिकेट सुटतं, बसस्टॉपपर्यंतची पायपीट सुटते, बाईक येते, मग कार येते.

साक्षीदार दुसरा : जिमचा ट्रेनर. "मसल बनवा, मेटाबॉलिझम बूस्ट होईल." एक किलो स्नायू नुसते बसून दिवसाला किती कॅलरी जाळतात? साधारण तेरा. एका खारीच्या चतकोर तुकड्याएवढ्या! मेंदू, यकृत, हृदय, मूत्रपिंडं हे खरे खर्चिक अवयव. सल्ला बरोबर आहे, कारण चुकीचं आहे. स्नायू वाढवायचे ते कणगी मोठी व्हावी आणि दारं उघडती राहावीत म्हणून. पण "कणगी मोठी करा" या वाक्यावर प्रोटीनचे डबे विकता येत नाहीत, 'बूस्ट'वर येतात.

आणि हो, ज्वारी. जी भाकरी आम्ही डब्यात आणली की लोक नाक मुरडायचे तीच आता 'मिलेट बाउल' होऊन कॅफेत मिळते. राष्ट्रीय पोषण संस्थेचेच २०१७ चे तक्ते सांगतात : १०० ग्रॅम ज्वारीत ३३४ कॅलरी, गव्हाच्या पिठात ३२०. प्रथिनं दोन्हींत दहाच्या आसपास, चोथा दोन्हींत दहा-अकरा ग्रॅम. ज्वारी चांगलीच आहे. माझा जीव आहे तिच्यावर. परभणीच्या कृषी विद्यापीठाने २०१८ मध्ये जास्त लोह आणि जस्त असलेलं 'परभणी शक्ती' वाण आणलं, त्याचं मला कौतुकही आहे. पण ज्वारी म्हणजे जादू नव्हे. ती काल विष नव्हती आणि आज अमृतही झालेली नाही.

*

आता आमच्या हळदीकडे येतो, कारण इथे माझं डोकं जास्त फिरतं.

वसमत, हिंगोलीच्या मोंढ्यात हळद पोत्यांनी येते. नऊ महिने शेतात, मग काढा, शिजवा, वाळवा, पॉलिश करा, सौद्याला न्या, आणि भाव पडला की गप्प परत या. हीच हळद शहरात छोट्या बाटलीतल्या कॅप्सूल होऊन 'मेटाबॉलिझम बूस्टर', 'फॅट बर्नर' या नावांनी येते. हळदीतलं कर्क्युमिन असतं साधारण दोन ते पाच टक्के. ते आतड्यातून फार कमी शोषलं जातं आणि जेवढं जातं तेवढं यकृत झटपट बाहेरच्या वाटेला लावतं. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं की सोबत मिऱ्यातलं पाइपरिन दिलं तर माणसात शोषण २० पटींनी वाढतं. विकणाऱ्यांनी ते उचललं. पण जास्त शोषलं गेलं म्हणजे चरबी जळली असं होत नाही. उलट अशा जोरकस गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी इटलीत आणि अमेरिकेत झाल्या आहेत. भाजीत चमचाभर हळद खाणाऱ्या माणसाला याची धास्ती नको. भीती आहे ती अर्क काढून, शोषण वाढवून, मूठभर गिळायची.

आणि चरबी 'जळते' म्हणजे नक्की जाते कुठे, हे एकदा त्या विक्रेत्याला विचारा. बहुतेक म्हणेल घामातून. दहा किलो चरबी पूर्ण वापरली गेली तर तिच्यातला ८.४ किलो भाग कार्बन डायऑक्साइड होऊन आणि १.६ किलो भाग पाणी होऊन बाहेर पडतो. म्हणजे बहुतांश चरबी नाकावाटे, श्वासातून बाहेर पडते. तिला डिटॉक्सच्या ज्यूसमधून वाट नाही.

*

यापुढचं लिहिताना काही मित्र नाराज होतील. होऊ देत.

२०१८ च्या सुमारास महाराष्ट्रात घरोघरी एक युद्ध पेटलं होतं. एका बाजूला लातूरचे डॉ. जगन्नाथ दीक्षित : (कै.) डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारांवर आधारलेलं, दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांत जेवण. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर : दर दोन तासांनी थोडं थोडं खा. लग्नाच्या पंगतीत लोक पार्ट्या पाडून भांडत होते. आजही भांडतात.

दोन वेळा जेवून अनेकांचं वजन उतरलं, हे मी नाकारत नाही. मधल्या वेळचा चहा-बिस्कीट-फरसाण बंद झाला तर एकूण खाणं कमी होणारच. आणि दर दोन तासांनी मोजून खाणाऱ्यांचंही उतरलं, कारण मोजायला लागलं की खाणं आवरतंच. पण एकूण खाणं तेवढंच ठेवून फक्त वेळा बदलल्या तर दिवसभराचा ऊर्जाखर्च फारसा बदलत नाही. दीक्षित सर स्वतः रोज ४५ मिनिटं चालायला सांगतात. गंमत बघा, व्हॉट्सॲपवरून गावापर्यंत जाईतो ते चालणं गळून पडतं आणि उरतं फक्त "खाऊ नका".

कुणाला? माझ्या आत्याला.

आत्या सेनगाव तालुक्यात असते. साठीची. मधुमेहाची गोळी चालू, ग्लिमेपिराइड. शेतात जाणं चालू. मध्यंतरी तिला फोन केला तेव्हा आवाज ओढलेला.
"आत्या, बरं नाही का?"
"काही नाही बाबू, चक्कर आली व्हती खुरपताना. घाम घाम झाला."
"गोळी घेतली होती?"
"घेतली की सकाळीच."
"आणि भाकरी?"
"भाकर कुठली? सकाळचं खायचंच नाही म्हनं. तूच तर व्हिडिओ धाडला व्हतास का पोरीनं धाडला, काय ठावं."

(व्हिडिओ मी धाडला नव्हता. पण धाडणारी आमच्यातलीच, शिकलेली, हिंजवडीतली.)

ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. ताटात भाकरी आहे की नाही हे ती बघत नाही. त्यात स्नायू कामाला लागलेले, म्हणजे दारं दोन्ही किल्ल्यांनी उघडी. रक्तातलं ते चहाच्या चमच्याएवढं ग्लुकोज, ते किती पुरणार? साखर ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, चक्कर. आणखी खाली गेली की शुद्ध हरपते. मेंदूला बसल्या जागी शरीराच्या एकूण ऊर्जेचा पाचवा हिस्सा लागतो आणि तो मुख्यतः ग्लुकोजवर चालतो. तिथे शेजारच्या बाईने साखरपाणी पाजलं म्हणून निभावलं. आपल्या खुर्चीसाठी बनलेला सल्ला आपण तिच्या शेतात डिप्लॉय केला, टेस्टिंग न करता. कुठल्याही कंपनीत याबद्दल चौकशी लागली असती.

तेव्हा कळकळीने सांगतो, मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या माणसाने जेवणाच्या वेळा बदलायच्या तर आधी डॉक्टरला विचारून डोस बदलायला हवा. घरच्या ग्रुपवर काही टाकायचंच असेल तर हे टाका.

*

आता तिसरी गोष्ट, जिच्यासाठी हा एवढा पसारा मांडला.

पुण्यातल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांचा २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये एक पानाचा मजकूर आला होता. दोघांचा फोटो. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. चार्टवर दोघेही उत्तम. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२ टक्के! दुपटीपेक्षा जास्त. बाहेरून बारीक, आतून भरलेलं पेव.

हे वडापावामुळे झालं म्हणाल तर पुढे वाचा. याज्ञिकांच्या चमूने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. गरोदरपणाआधी त्या बायकांचं सरासरी वजन होतं जेमतेम ४२ किलो. बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. पण ही इवलीशी बाळं सगळ्याच बाबतीत इवलीशी नव्हती. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, चरबी मात्र त्या मानाने राखलेली. पुणे आणि लंडनच्या बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं तर पुण्याच्या बाळांत इन्सुलिन जास्त. म्हणजे पहिला घास खायच्या आधीच कणगी लहान आणि पेव तयार!

आणखी दोन निष्कर्ष लक्षात ठेवा. ज्या आयांच्या खाण्यात पालेभाज्या, फळं, दूध जास्त होतं त्यांची बाळं मोठी निघाली. आणि ज्या आया गरोदरपणात जास्त अंगमेहनत करत होत्या त्यांची बाळं लहान निघाली.

आठवली हळदीच्या शेतातली ती बाई? उघडी दारं, रिकामी कणगी, ठणठणीत तब्येत? ती गरोदर असेल तर तिचीच कणगी रिकामी राहते असं नाही, पोटातल्या बाळाचीही लहान घडते. गावाकडच्या कष्टांचं गोडवे गाणारं कौतुक मला म्हणूनच सहन होत नाही. कष्ट आणि भरलेलं ताट ही तब्येत. कष्ट आणि अर्धं ताट ही पुढच्या पिढीच्या नावावर काढलेली उधारी.

उधारी किती लांब जाते? दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली. तेव्हा आईच्या पोटात असलेल्या मुलांना पन्नाशीच्या सुमारास तपासलं, १९९८ मध्ये निष्कर्ष आले : ग्लुकोज पाजून दोन तासांनी बघितलं तर त्यांची साखर इतरांपेक्षा जास्त. एका हिवाळ्याचा हिशोब शरीराने पन्नास वर्षं जपून ठेवला.

आपल्याकडे १९७२ होतं. मराठवाड्यात बाया खडी फोडायला, तलावाच्या कामावर जात होत्या आणि घरी अमेरिकेतून आलेली लाल मिलो शिजत होती. सुकडी मिळाली तर सण. त्या वर्षात आणि आगेमागे जन्मलेली माणसं म्हणजे आज आपले आई-वडील. गावाकडे असेतो कष्टांनी दारं उघडी ठेवली. मग आपण शिकलो, कमावते झालो, त्यांना प्रेमाने शहरातल्या फ्लॅटमध्ये आणलं, "आई, आता काही करायचं नाही" म्हणून सोफ्यावर बसवलं आणि ताट भरलं. कणगी लहान, दारं बंद, माल भरपूर. पुढचं लॅबच्या रिपोर्टात लिहून येतं. २०२३ साली आलेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी उंबरठ्यावरचे, असा अंदाज निघाला. एवढे सगळे काय आळशी आणि खादाड आहेत?

आणि आपणही त्याच दुरडीतले. "मी तर बारीक आहे, मला काय होतंय" म्हणणारा मराठवाड्याचा किडकिडीत डेव्हलपर, पोटाचा छोटा नगारा पुढे घेऊन, मला सगळ्यात जास्त धोक्यात दिसतो.

*

"मग सगळं आईच्या पोटातच ठरलं असेल तर चालून काय उपयोग?" असा प्रश्न येणार. येऊ दे, उत्तर आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांवर प्रयोग केला, निष्कर्ष २००६ मध्ये आले. चालणं आणि खाण्यातले साधे बदल केलेल्या गटात तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं. आणि महत्त्वाचं म्हणजे वजन फारसं न उतरता. काटा हलला नाही, पण दारं उघडली. म्हणून वजनकाट्यावर रडणं सोडा. कंबर मोजा : पुरुषाची ९० सेंटीमीटरच्या आत, बाईची ८० च्या आत. बारीक असलात तरी तिशीत एकदा एचबीए१सी करून घ्या. ५.७ पासून उंबरठा सुरू होतो, ६.५ ला घर लागतं. जेवून झालं की खुर्चीत कोसळण्याऐवजी दहा-पंधरा मिनिटं चाला, जिने चढा, आठवड्यातून दोन-तीनदा काहीतरी जड उचला. भाकरी खा, पण तिला एकटीला पाठवू नका. वरण, उसळ, अंडं, दही, पालेभाजी सोबत द्या. यात विकण्यासारखं काही नाही, म्हणून याची जाहिरात दिसत नाही.

पण एवढ्यावर थांबलो तर हा लेखही त्याच कँटीनमधला ठरेल. आपली कणगी आपण जिम लावून मोठी करू. पण आत्ता, या घडीला सेनगाव, कळमनुरी, औंढ्यात ज्या पोरींच्या पोटात बाळं आहेत त्यांच्या ताटात काय आहे? अंगणवाडीतून मिळायचा आहार वेळेवर येतो का, खाण्यासारखा असतो का? सातव्या-आठव्या महिन्यातही ती मजुरीला वाकते का, कारण एक दिवसाचा रोज बुडणं परवडत नाही? पुढच्या पिढीचा मेटाबॉलिझम तिथे ठरतोय, आपल्या स्मार्टवॉचवर नाही. आपण गावाला फोन करतो तेव्हा सोयाबीनचा भाव विचारतो, पाऊस विचारतो. पुढच्या फोनला घरातल्या गरोदर सुनेने दूध-अंडी-पालेभाजी खाल्ली का, तिचं जड काम थांबवलंय का, एवढंही विचारा. आणि सासूबाईंनी "आमच्या येळंला असलं काही नव्हतं" म्हटलं, तर सांगा, नव्हतं म्हणूनच आज तुम्हाला गोळ्या चालू आहेत.

असो. शनिवारची सकाळ यातच गेली. भाकरीला सोडून द्या मंडळी, तिच्याविरुद्ध पुरावा नाही.